मार्क टूच्या इंजिनात तेल कोणतं?

परभणीत वसमत रोडला आमचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. फॅन बेल्ट, फिल्टर, ग्रीस, नांगराचे फाळ, आणि या सगळ्याहून जास्त खपतं ते ऑइल. दुकानाच्या सावलीला माझी अ‍ॅम्बेसिडर मार्क टू उभी असते. पांढरी, क्रोमचं बंपर अजून शाबूत. तिच्यामुळे असं झालंय की जिल्ह्यात ज्याच्या वाड्यात आजोबांची मोटार धूळ खात पडलीय, तो कधी ना कधी माझ्या काउंटरवर येतो आणि विचारतो, हिला तेल कोणतं घालू? मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तोच देतो. "भारीतलं द्या भाऊ, पैशाचं बघू नका."

पैशाचं बघू नका म्हणणारं गिऱ्हाईक कोणत्या दुकानदाराला नको असतं? तरी या एका बाबतीत मी भारीतलं देत नाही. समोरच्या फळीवरचा चकचकीत कॅन तिथेच राहू देतो आणि खालच्या फळीवरचा, निम्म्याहून कमी किमतीचा कॅन काढतो. माणसाला वाटतं, यानं आपल्याला हलकं तेल टेकवलं. त्याचं कारण दर वेळी उभ्या उभ्या सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

आधी इंजिनाची कुंडली. गाडी उत्तरपाऱ्याच्या हिंदुस्थान मोटर्सची असली तरी बॉनेटखाली जे आहे ते विलायती आहे. अ‍ॅम्बेसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, आणि तिच्यातलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. ऑस्टिन आणि मॉरिस हे एकमेकांचे पक्के वैरी १९५२ साली एका छपराखाली आले, त्यातून ही कॉर्पोरेशन झाली. त्यांनी हे इंजिन जिथे बसेल तिथे बसवलं. १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येसुद्धा हेच १४८९ सीसी होतं, फक्त दोन कार्ब्युरेटर आणि जरा जास्त दम. म्हणजे आपल्या तहसीलदारांच्या आणि साखर कारखान्याच्या चेअरमनच्या गाडीत एका विलायती स्पोर्ट्स कारचं भावंड धावत होतं. हे सांगितलं की लोक मान डोलवतात आणि मनात म्हणतात, हा जरा जास्तच बोलतो.

तुमच्याकडे नव्वदच्या दशकातली इसुझू इंजिनाची १८०० सीसी अ‍ॅम्बेसिडर असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही. ते वेगळंच इंजिन आहे, कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वर हेडमध्ये असलेलं. मी बोलतोय ते जुन्या पुशरॉडवाल्या १४८९ बद्दल. मॉरिस मायनर किंवा स्टँडर्ड हेरल्ड असेल तर मात्र वाचत राहा. इंजिन वेगळं, दुखणं तेच.

दुखणं आहे टॅपेटचं, म्हणजे कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणाऱ्या छोट्या दट्ट्याचं. आजच्या अनेक इंजिनांत कॅमच्या नाकावर, म्हणजे त्या दांड्यावरच्या उंचवट्यावर, रोलर फिरतो. बी-सिरीजमध्ये रोलरबिलर काही नाही. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यावर उभा टॅपेट, टॅपेटमध्ये पुशरॉड, वर रॉकर आणि मग व्हॉल्व्ह. कॅमचं नाक टॅपेटच्या तळाला सरळ घासत जातं. दोघं भेटतात ती जागा केवढी? जेमतेम एक रेघ. आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर त्या रेघेवर. मेन बेअरिंग आणि बिग एंडला, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगांना, पंपाच्या दाबाने तेल मिळतं, तिथे शाफ्ट तेलावर तरंगतो. कॅमच्या नाकाला असं काही नशिबी नाही. वरून रॉकरकडून ओघळलेलं आणि खालून क्रँकने उडवलेलं जे काही येईल त्यावर भागवायचं. गाडी नुसती स्लोवर उभी असते तेव्हा तर ते उडणंही कमी. म्हणून जुन्या गाड्यांत क्रँक ठणठणीत आणि कॅमची नाकं मात्र गोल झालेली, असं दृश्य इंजिन खोलल्यावर हमखास दिसतं.

तिथे नुसता तेलाचा थर टिकत नाही, पिळून बाहेर पडतो. तिथे लागतं रसायन. त्याचं पूर्ण नाव झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट. एवढं नाव कोण घेतो? सगळे झिंक म्हणतात, जरी खरं काम बरंचसं त्यातला फॉस्फरस करतो. उष्णता आणि दाब मिळाला की हे रसायन फुटतं आणि पोलादावर फॉस्फेटचा एक कडक थर धरतं. जाडी साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. कॅम घासला की तो थर झिजतो, धातू वाचतो, आणि लगेच नवा थर धरतो. तेलात झिंक पुरेसं असेपर्यंत हा कारभार चालू राहतो.

आता कळीचा मुद्दा. नव्या, महागड्या, पातळ तेलांत हे झिंक मुद्दाम कमी केलेलं असतं. कंजूषपणा म्हणून नाही. प्रत्येक इंजिन थोडं तेल जाळतंच, आणि जळलेल्या तेलातला फॉस्फरस सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसून त्याला निकामी करतो. म्हणून तेलाचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एपीआय या संस्थेने हळूहळू लगाम घातला. १९९६ च्या एसजे आणि २००१ च्या एसएल दर्जात फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.१० टक्के होती, २००४ च्या एसएममध्ये ती ०.०८ टक्क्यांवर आली, म्हणजे ८०० पीपीएम, दहा लाखांत आठशे भाग. तुमच्या नव्या गाडीला ते योग्यच आहे. तिच्यात कन्व्हर्टर आहे आणि तिचे कॅम त्या हिशेबाने बनवलेत. मार्क टूला कन्व्हर्टरच नाही. ज्याची काळजी घेण्यासाठी झिंक काढलं ती वस्तू गाडीत नाही, आणि ज्याच्यासाठी झिंक होतं ती वस्तू मात्र जागेवर आहे.

यावरून पुष्कळ लोक निष्कर्ष काढतात की एसएम किंवा त्यापुढचं एसएन, एसपी छापलेलं तेल दिसलं की पळा. तसं नाही. ही कमाल मर्यादा पातळ ग्रेडसाठी आहे, म्हणजे ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० असल्या तेलांसाठी. २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० ला ती लागू नाही. जाड तेलात जास्त झिंक ठेवायला कंपनी मोकळी आहे. मोकळी आहे म्हणजे ठेवतेच असं नव्हे, म्हणून डेटाशीट बघावी. झिंक हजार ते तेराशे पीपीएमच्या दरम्यान असेल तर डोळे झाकून घ्या. बऱ्याच डेटाशीटवर हा आकडाच नसतो. अशा वेळी कंपनीच्या टेक्निकलवाल्यांना मेल टाकायची, मी टाकतो. उत्तर आलं तर त्या कंपनीचं तेल फळीवर पुढे सरकतं.

वरून ओतायची झिंकची बाटली मिळते. माझ्याकडेही आहे, आणि मी ती विकायला नाखूश असतो. तेलातली रसायनं कंपनीने एकमेकांशी जुळवून घातलेली असतात. त्यात आपण बाहेरून अंदाजपंचे एक घटक दुप्पट केला की फायदाच होईल याची खात्री नाही. झिंक प्रमाणाबाहेर गेलं तर उलट धातू खायला लागतं.

आता ग्रेड. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण छाती फुगवून म्हणतो, पण तेल घेताना ही दोन गावं वेगळी ठेवा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ०डब्ल्यू तेलाची क्रँक फिरवायची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीवरून पेपरात बातमी येते, परभणी गारठली, पारा सहा अंशांवर. लोक शेकोट्या पेटवतात, पण तेलाच्या हिशेबाने तो सुखाचा दिवस आहे. २०डब्ल्यूला त्याची गुंजभरही अडचण नाही. जर्मनीतल्या बर्फासाठी बनवलेल्या शून्याचे पैसे परभणीत कशाला मोजायचे?

आपल्याला बघायचाय तो मागचा आकडा, तापलेल्या तेलाचा. १०० अंश सेल्सिअसला तेलाची श्यानता, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत जाडी, मोजतात. त्याचं माप सेंटिस्टोक. ९.३ ते १२.५ असेल तर तीस नंबर, १२.५ ते १६.३ चाळीस, १६.३ ते २१.९ पन्नास. काकवी गरम केली की पाण्यासारखी पळते, तसंच तेलाचं, आणि हे पातळ होणं फार वेगात होतं. एखादं साधारण २०डब्ल्यू-५० तेल १०० अंशांना अठराच्या आसपास असेल तर ११० अंशांना चौदाच्या आसपास येतं. म्हणजे चेंबरमधलं, इंजिनाखालच्या टाकीतलं, तेल दहा अंश जास्त तापलं की पन्नास नंबरचा चाळीस झालेला असतो. आता मे महिन्यात दुपारी बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस, रेडिएटर आधीच धापा टाकतोय, आणि गाडी गंगाखेडवरून परळीकडे चाललीय. हा हिशेब कुठे जातो ते तुम्हीच करा. तीस नंबर घातलं असेल तर बेअरिंगमध्ये काय उरलं?

१९५० च्या दशकात इंग्लंडात या इंजिनांत सिंगल ग्रेड तीस नंबरच पडायचं, हे खरं. पण तिथली हवा वेगळी, आणि इंजिन नवं होतं. साठच्या दशकात मल्टिग्रेड आली आणि विलायतेतल्या गाड्यांचं आणि २०डब्ल्यू-५० चं लग्न जमलं ते आजतागायत टिकलंय. कॅस्ट्रॉल जीटीएक्स १९६८ साली बाजारात आलं ते २०डब्ल्यू-५० म्हणूनच. आज तिकडचे जुन्या गाड्यांचे क्लबवाले थंडीत राहूनसुद्धा तोच आकडा घेतात. आपण तर परभणीत आहोत.

माझं मत असं: इंजिनाचं काम नुकतं झालंय, बोअर-पिस्टन नवे, बेअरिंग नवी, सगळं घट्ट आहे, तर २०डब्ल्यू-४० पुरे. चाललेलं इंजिन असेल तर २०डब्ल्यू-५०. मिनरल, म्हणजे सिंथेटिक नव्हे. यापलीकडे खल करायची गरज नाही.

सेलूच्या एका डॉक्टरांची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. वडिलांची मार्क टू त्यांनी जिवापाड जपलीय. एकदा संभाजीनगरला गेले असताना एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंग करून घेतलं. तिथे सिंथेटिक ५डब्ल्यू-३० भरलं, सगळ्यात वरचं. बिल बघून डॉक्टर खूश, की बरं झालं, गाडीचं चांगलं झालं. जिंतूरपर्यंत येईतो टॅपेट वाजायला लागले आणि घरी पोचल्यावर रात्रीतून फरशीवर तेलाचा नकाशा उमटला. ते गाडी घेऊन माझ्याकडे आले, "कामून हो, एवढ्या भारीचं तेल घातलं तर इंजिन जास्तच बोलायलंय?"

आमच्या दुकानामागे चाचांचं गॅरेज आहे. चाचांनी आयुष्य अ‍ॅम्बेसिडर आणि महिंद्रा जीपमध्ये घातलं. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून टॅपेट चेंबरच्या पत्र्यावर टेकवला, जरा ऐकलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, तेल तो बढिया है. इस गाडी का नहीं है."

तेल काढलं, २०डब्ल्यू-५० भरलं. आवाज जादूने गेला नाही, कमी झाला. उरलेला गेला तो चाचांनी फिलर गेज लावून टॅपेटची फट पंधरा थाऊवर, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशांवर, आणल्यावर. तेलाने सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. पण गरम इंजिन स्लोवर असताना प्रेशरचा काटा जो जवळपास झोपला होता तो उठून बसला, हे आम्ही तिघांनी पाहिलं. काढलेलं सिंथेटिक डॉक्टरांनी स्वच्छ कॅनमध्ये भरून नेलं, म्हणे घरच्या दुसऱ्या गाडीत घालतो. मी नको म्हणालो, एकदा इंजिनात फिरलेलं तेल दुसऱ्या इंजिनात घालत नाहीत. ऐकलं की नाही माहीत नाही.

काट्याचं निघालंच आहे तर सांगतो. तेलाबद्दल कुणाचंही ऐकण्यापेक्षा, माझंही, एक ऑइल प्रेशर मीटर बसवून घ्या. नुसता लाल दिवा उपयोगाचा नाही, तो पेटतो तेव्हा बोलायला फार काही उरलेलं नसतं. मीटर बसवलं की गाडी स्वतःच सांगते. गाडी पूर्ण तापल्यावर बघायचं, सकाळी चालू केल्या केल्या नाही. गार तेलात काटा सगळ्यांचाच वर असतो. तापल्यावर दर हजार आरपीएमला दहा पीएसआय हा जुना ठोकताळा. चालत्या गाडीत चाळीस-पन्नास आणि स्लोवर पंधराच्या पुढे असेल तर ग्रेड जमली. रेल्वे गेटवर मे महिन्यात गाडी उभी असताना तो काटा कुठे आहे, यावरून मला जेवढं कळतं तेवढं कॅनवरच्या छपाईवरून कळत नाही.

याच्या उलट रोगही आपल्याकडे आहे, आणि तो जास्त जुना. जाड तेवढं चांगलं. इंजिन धूर देतंय, रिंगा गेल्यात, तर तेलात नव्वद नंबरचं गिअर ऑइल मिसळायचं. धूर कमी होतो, आवाज दबतो, आणि तेवढ्यात गाडी विकून टाकायची. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा पट्टी काढून तेल बोटावर घ्या. फार चिकट वाटलं, गंधकाचा वास आला, तर समजा की तुमच्यासाठी नाटक लावलंय. गिअर ऑइल इंजिनासाठी बनलेलंच नाही. फाजील जाड तेल बारीक वाटांतून वेळेवर पोचत नाही, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून निम्मं चेंबरमध्ये परत जातं, आणि काटा मात्र मस्त वर दिसतो. प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे.

आता माझ्या धंद्यातला प्रश्न, आणि हा खेड्यातून सगळ्यात जास्त येतो: "घरी ट्रॅक्टरचं ऑइल पडलंय, तेच घातलं तर?"

शहरातले हौशी लोक हे ऐकून कानाला हात लावतात. मी लावत नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनात जातं ते बहुधा १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०, डिझेल दर्जाचं, कॅनवर सीएच-४ किंवा सीआय-४ लिहिलेलं. डिझेलच्या तेलात झिंक साधारणपणे भरपूर असतं. २००६ च्या सीजे-४ दर्जात फॉस्फरसवर मर्यादा आली तीसुद्धा ०.१२ टक्क्यांची, पेट्रोलच्या पातळ तेलाच्या दीडपट. अमेरिकेतले कितीतरी जुन्या गाड्यावाले ट्रकचं तेल वापरतात ते यासाठीच. तेव्हा मानवतचा एखादा शेतकरी अ‍ॅम्बेसिडरमध्ये ट्रॅक्टरचं ऑइल टाकतो तेव्हा तो अडाणीपणा करतोय असं समजू नका. महागड्या ५डब्ल्यू-३० पेक्षा त्याचं बरं चाललंय.

पण दोन गोष्टी. डिझेलच्या तेलात काजळी धुवायला डिटर्जंट जास्त असतात. ते डिटर्जंटही त्याच धातूवर बसायला बघतात जिथे झिंकला बसायचंय. त्यामुळे झिंकचा आकडा मोठा दिसला तरी सगळं कॅमच्या पदरात पडतंच असं नाही. शिवाय डिटर्जंट जळले की राख राहते. गाडी तेल खात असेल तर ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर जमते. म्हणून चालत्या इंजिनाला चालेल, पण २०डब्ल्यू-५० मिळत असताना मी ते पहिलं निवडणार नाही. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची: ट्रॅक्टरचं सगळंच तेल इंजिनाचं नसतं. वेट ब्रेकचं, हायड्रॉलिकचं, गिअरबॉक्सचं म्हणून जो वेगळा कॅन येतो तो इंजिनात घालायचा नाही. कॅन सारखे दिसतात, रंग सारखे. नीट वाचून घ्या, नाहीतर पोराला वाचायला सांगा.

बुलेटचं तेल? मोटरसायकलच्या तेलावर जासो एमए हा जपानी दर्जा लिहिलेला असतो, म्हणजे ते क्लच घसरू देत नाही. या जासोच्या नियमातच फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असला पाहिजे अशी खालची आणि वरची दोन्ही हद्द आहे. त्यामुळे मोटरसायकलचं २०डब्ल्यू-५० अडीअडचणीला अगदी बिनधास्त. औंढ्याला दर्शनाला गेलात, पट्टीवर तेल कमी दिसलं, आणि पंक्चरवाल्याच्या टपरीवर तेवढंच मिळत असेल तर एक लिटर घाला आणि पुढे चला.

गळतीबद्दल फार लिहीत नाही. या जुन्या बी-सिरीजला क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच. शाफ्टवर उलटे आटे पाडलेत, ते फिरताना तेल आत ढकलतात. इंजिन बंद झालं की आटेही थांबले, मग चार थेंब खाली येणारच. सिंथेटिकने सील खराब होतात म्हणतात, ते मला पटत नाही. पातळ तेल जिथून वाट मिळेल तिथून येतं आणि आधीची घाण धुऊन वाट मोकळी करतं, एवढंच. टॅपेट चेंबरचं पॅकिंग मात्र बदलून घ्या, ते तेल थेट सायलेन्सरच्या पाइपकडे ओघळतं आणि केबिनमध्ये वास येतो.

फिल्टर बदलताना त्याच्या वाटीच्या वरच्या खाचेतला जुना रबरी वायसर काढायला विसरतात. तो इतका कडक होऊन खाचेत बसलेला असतो की खाचेचाच भाग वाटतो. त्यावर नवा वायसर चढवला की दोन वायसर होतात, वाटी तिरकी बसते, आणि गाडी चालू केल्यावर काही मिनिटांत सगळं तेल रस्त्यावर. टोकदार पोकरने खरवडून बघाच. फिल्टर लावल्यावर लगेच गाडी पळवू नका. आधी नुसता सेल्फ मारा किंवा स्लोवर ठेवा, काटा वर येईपर्यंत.

वर्षानुवर्षं वाड्यात उभी राहिलेली गाडी असेल तर नवं तेल भरायच्या आधी चेंबर खाली उतरवा. जुन्या सिंगल ग्रेडचा गाळ तळाशी चिखलासारखा बसलेला असतो. त्यावर डिटर्जंटचं नवं तेल ओतलं की गाळ सुटतो आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. चेंबर धुवायला फार तर एक सकाळ जाते, पंधरा-वीस नट आणि एक पॅकिंग. मग पहिलं तेल लवकर काढून टाका, हजारएक किलोमीटरला. पुढे पाच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आमच्यातल्या बहुतेकांचं वर्षच आधी होतं. गाडी लग्नाला, दसऱ्याला आणि पोळ्याला बाहेर निघते. "चाललीच नाही तर तेल कशाला बदलू?" असं विचारतात. चालली नाही म्हणूनच. थोडं चालून बंद केलेल्या इंजिनात पाण्याची वाफ आणि आम्ल तेलातच राहतं, उडून जायला इंजिन नीट तापतच नाही. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल आपल्याच उसातून आलेलं असेल, पण ते पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधासारखी पिवळट साय दिसली तर तेल बदलून गाडी अर्धा-पाऊण तास नीट तापवून आणा. मेकॅनिकल फ्युएल पंप असेल तर त्याचा डायफ्राम फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवर तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं, पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नका.

नवा कॅम आणि नवे टॅपेट बसवले असतील तर वरचे सगळे नियम बाजूला. कॅमच्या नाकांना असेंब्ली ल्यूब चोळून बसवायचं, आणि पहिल्यांदा इंजिन सुरू झालं की स्लोवर सोडायचं नाही, दोन हजार आरपीएमच्या आसपास वीस मिनिटं ठेवायचं. स्लोवर कॅमला तेल उडत नाही हे वर लिहिलंय. नवे कॅम मरतात ते याच पहिल्या वीस मिनिटांत. त्यामुळे टायमिंग आणि रेडिएटरचं पाणी आधीच बघून ठेवा, चालू झाल्यावर डोकं घालायला वेळ नसतो. या वेळी तेल साधं मिनरल, झिंक असलेलं. आठशेएक किलोमीटरला ते काढून टाका.

आणि हे सगळं वाचून तुम्ही जाऊन ड्रममधलं सुटं तेल आणाल तर माझं लिहिणं फुकट. रिकाम्या कॅनचा आपल्याकडे वेगळाच बाजार आहे. भंगारवाला चांगल्या कंपनीच्या कॅनला जास्त भाव देतो, तो कशासाठी? तोच कॅन गाळलेल्या काळ्या तेलाने भरून, नवं झाकण लावून परत येतो. झाकणाची सील आणि बॅच नंबर बघा, पक्कं बिल मागा. तेल भरून झालं की रिकाम्या कॅनला आपल्या हाताने खिळा ठोका. माझ्या दुकानातून घेतलं तरी ठोका, मला राग येणार नाही. काढलेलं काळं तेल गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी फासायला लोक मागून नेतात. फासायचं तर खांबालाच, विहिरीच्या आणि हौदाच्या बाजूला त्याचा थेंब नको.

१४८९ मध्ये फिल्टर धरून साडेचार लिटरच्या आसपास तेल बसतं. एकदम सगळं ओतू नका, चार लिटर घाला, इंजिन दोन मिनिटं फिरवा, थांबा, पट्टी बघा, मग पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत घाला. पाच लिटरच्या कॅनमध्ये जे उरेल ते डिकीत स्टेपनीशेजारी ठेवा. अंबाजोगाईपर्यंत जाऊन येईतो तिला ते लागेलच.